झेब्राफिशचं म्हातारपण: मायटोकॉन्ड्रिया आणि पेशीपटलांतले बदल नेमके कसे मोजायचे?

(चर्चामंचावरचा धागा. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

खवले

वयानुसार झेब्राफिशच्या मायटोकॉन्ड्रियाचं श्वसन आणि पटलांतली मेदाम्लं कशी बदलतात, हा एमएस्सीच्या प्रबंधाचा विषय आहे. प्रयोगशाळा पुण्यात. दोन गट ठरवलेत: ६ महिन्यांचे आणि ३० महिन्यांचे. दोन्ही इथल्याच टाक्यांत उबवलेले, जन्मतारखा नोंदलेल्या. हाताशी थंड सेंट्रिफ्यूज, १ मिली कक्षाचा क्लार्क इलेक्ट्रोड (ऑक्सिजनचा खप मोजणारा), एफआयडीवाला (ज्वाला-शोधकाचा) गॅस क्रोमॅटोग्राफ, फ्लुओरोमीटर आणि क्यूपीसीआर (डीएनएच्या प्रती मोजणारं यंत्र) आहे. मास स्पेक नाही, मिळण्याची शक्यताही नाही.

अडलंय ते असं. वाचनात दोन्ही दिशांचे निष्कर्ष येतात: कुठे वयाबरोबर डीएचए (सहा दुहेरी बंधांचं ओमेगा-३ मेदाम्ल) घटतो, कुठे टिकतो किंवा वाढतो. मग अपेक्षा काय धरायची? ऊतक कोणतं घ्यावं? आणि डीएचए घटलेला दिसलाच तर तो ऑक्सिडेशनने जळाला की पेशीनेच पटलाची रचना बदलली, हे एवढ्या उपकरणांत सांगता येईल का?

दुहेरीबंध

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचं त्यावर अवलंबून आहे.

मेदाम्लात दोन दुहेरी बंधांच्या मधोमध जो कार्बन असतो त्याच्यावरचा हायड्रोजन सैल असतो आणि मुक्तकण तोच ओढून नेतात. ओलेइक आम्लात असा कार्बन एकही नाही, लिनोलेइकमध्ये १, अरॅकिडोनिकमध्ये ३, डीएचएमध्ये ५. म्हणून पेरॉक्सिडेशन निर्देशांक (पटल किती सहज ऑक्सिडाइझ होईल याचा अंदाज) काढताना प्रत्येक गटाच्या टक्केवारीला वेगळा गुणक लावतात: एकबंधी ०.०२५, द्विबंधी १, त्रिबंधी २, चतुर्बंधी ४, पंचबंधी ६, षट्बंधी ८. डीएचए आणि ओलेइक यांच्या गुणकांत ३२० पटींचा फरक आहे हे लक्षात ठेवा.

उदाहरणादाखल आकडे घेऊ (हे मोजलेले नाहीत, हिशेब दाखवण्यापुरते आहेत). एकबंधी २०, द्विबंधी ६, त्रिबंधी १, चतुर्बंधी ८, पंचबंधी ६, षट्बंधी २५ टक्के असतील तर निर्देशांक ०.५ + ६ + २ + ३२ + ३६ + २०० = २७६.५. आता डीएचए फक्त ३ टक्क्यांनी कमी करून ते ३ टक्के ओलेइकला द्या. निर्देशांक २५२.६ वर येतो. माशांच्या बाबतीत हा निर्देशांक जवळपास डीएचएच ठरवतो, त्यामुळे क्रोमॅटोग्रामवर डीएचएच्या शिखराखालचं क्षेत्र चुकलं की निष्कर्षच चुकला.

निर्देशांक घटला म्हणजे नुकसान झालं असं धरू नका. दोन शक्यता आहेत. पहिली, डीएचए असलेले फॉस्फोलिपिड खरोखर ऑक्सिडाइझ होऊन तुटले. दुसरी, पेशीने हळूहळू कमी पेटणारी मेदाम्लं बसवून घेतली. ही दुसरी गोष्ट बचावाची आहे. दीर्घायुषी सस्तन आणि पक्ष्यांच्या पटलांचा निर्देशांक अल्पायुषींपेक्षा कमी असतो, हे हल्बर्ट आणि पाम्प्लोना यांच्या कामातून पुढे आलेलं आहे. गटवार टक्केवारीवरून या दोन शक्यता वेगळ्या करता येत नाहीत. त्यासाठी तीन गोष्टी एकाच माशात बघाव्या लागतात: निर्देशांक, पेरॉक्सिडेशनची उत्पादितं, आणि श्वसनाची कमाल गती, विशेषतः चौथ्या संकुलाची (श्वसनसाखळीतला ऑक्सिजन वापरणारा शेवटचा टप्पा). निर्देशांक घटला, उत्पादितं वाढली आणि चौथं संकुल मंदावलं, तर नुकसान म्हणा. निर्देशांक घटला, उत्पादितं जागच्या जागी आणि श्वसन शाबूत, तर रचनाबदल म्हणा. माझा कल विचाराल तर निरोगी म्हाताऱ्या झेब्राफिशमध्ये या दोहोंचं मिश्रण निघेल, आणि ऊतकागणिक त्याचं प्रमाण वेगळं असेल. वाचनातला गोंधळ बराचसा यातूनच येतो.

उत्पादितांसाठी टीबार्स (मॅलॉनडायअल्डिहाइड मोजणारी रंगचाचणी) करू नका. माशांच्या ऊतकात नमुना उकळतानाच डीएचए तुटून मॅलॉनडायअल्डिहाइड तयार होतं. म्हणजे ज्यात डीएचए जास्त, त्यात टीबार्स जास्त, आणि तुम्ही नेमका तोच फरक शोधताय. करायचंच असेल तर उकळण्यापूर्वी बीएचटी (ऑक्सिडेशन रोखणारं द्रव्य) घाला आणि आकडा दुय्यम धरा. त्यापेक्षा ४-हायड्रॉक्सीहेक्झेनल (डीएचए तुटून होणारं अल्डिहाइड) चिकटलेल्या प्रथिनांचा इम्युनोब्लॉट बरा.

काचपेटी

दुहेरीबंध यांचं म्हणणं पटलं, पण त्याआधी एक पायरी आहे. ती चुकली तर पुढचं सगळं मोजमाप आहाराचं आणि तापमानाचं होईल, वयाचं नाही.

आहार: माशाच्या पटलांतली मेदाम्लं खाद्याप्रमाणे काही आठवड्यांत सरकतात. आर्टेमियाच्या (खाद्य म्हणून देतात त्या खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जीवाच्या) नुकत्या फुटलेल्या पिलांत डीएचए जवळजवळ नसतो, तर मासळीच्या तेलावर बनवलेल्या कोरड्या खाद्यात भरपूर असतो. ३० महिन्यांच्या गटाला सुरुवातीची दीड-दोन वर्षं एक खाद्य आणि नंतर दुसरं मिळालं असेल, किंवा लहान गटाला अजून आर्टेमिया जास्त मिळत असेल, तर तुमचा ‘वयाचा परिणाम’ डब्याच्या लेबलात शोधावा लागेल. नमुने घेण्यापूर्वी दोन्ही गटांना किमान ८ ते १२ आठवडे एकाच लॉटचं खाद्य द्या आणि त्या खाद्याचाही मेदाम्ल आलेख काढा. उघडलेला डबा मुंबई-पुण्याच्या पावसाळ्यात बाहेर राहिला की तेल खवट होतं. खाद्य लहान पुड्यांत बांधून उणे २० अंशांवर ठेवा, आठवड्याला एक पुडी काढा.

तापमान: थंडीत मासा पटलांत असंपृक्त मेदाम्लं वाढवतो, उष्णतेत कमी करतो, म्हणजे पटलाची प्रवाहिता राखतो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हीटर बंद पडलेली टाकी २२ अंशांवर सहज येते. सगळ्या टाक्या २८ ± ०.५ अंशांवर ठेवा आणि नोंदवही दाखवता आली पाहिजे. दुसरी बाजूही बघा. लिऊ आणि वॉलफर्ड यांनी १९७० च्या दशकात दक्षिण अमेरिकेतल्या सायनोलेबिआस या एकवर्षीय माशावर दाखवलं की २० अंशांऐवजी १५-१६ अंशांवर ठेवलेले मासे जास्त जगतात. म्हणजे तापमान आयुष्यही बदलतं आणि पटलही. दोन्ही गटांचा तापमानाचा इतिहास सारखा नसेल तर त्यातलं काय कशामुळे, हे कुणालाच सांगता येणार नाही.

लिंग: शक्यतो फक्त नर घ्या. अंडी पिकवणाऱ्या मादीचं यकृत डीएचए थेट अंड्यांकडे पाठवतं. म्हाताऱ्या मादीत अंडी अडकून दाहही दिसतो.

आकार: झेब्राफिश वाढायचा पूर्ण थांबत नाही, त्यामुळे म्हातारा मासा मोठाही असतो. लांबी आणि वजन नोंदवा, विश्लेषणात सहचल (परिणाम वजा करण्यासाठीचा जोडघटक) म्हणून घ्या.

आणि रोग. ३० महिन्यांच्या टाकीत मायकोबॅक्टेरियम (जिवाणू) आणि स्यूडोलोमा न्यूरोफिलिया (परजीवी) हे दोन पाहुणे बरेचदा असतात. दुसरा तर मज्जातंतू आणि स्नायूंतच राहतो. बारीक, वाकलेला, पोट फुगलेला मासा वगळाच, पण बाहेरून धडधाकट दिसणाऱ्यांतल्याही काहींच्या प्लीहा आणि मूत्रपिंडाचे आम्लस्थिर रंगाचे (मायकोबॅक्टेरियम दाखवणारे) स्लाइड करून बघा. झेब्राफिशचं सरासरी आयुष्य साधारण ३ ते साडेतीन वर्षं असतं, म्हणून ३० महिने हा गट चांगला निवडलाय. ४२ महिन्यांचे घेतले असते तर फक्त चिवट उरलेले मोजले गेले असते.

बाजारातून ‘मोठे’ झेब्रा आणून गट भरायचा मोह होतो. तसं करू नका. दुकानातल्या माशाचं वय कुणालाच माहीत नसतं.

गाळणी

ऊतकाबद्दल आणि श्वसनाबद्दल.

हृदय विसरा. झेब्राफिशचं हृदय एक-दोन मिलिग्रॅमचं असतं, क्लार्क इलेक्ट्रोडला एका वाचनासाठी कित्येक मासे एकत्र करावे लागतील. स्नायू भरपूर मिळतो, पण त्यात सापळा आहे. बहुतेक स्नायू पांढरा असतो आणि त्यात मायटोकॉन्ड्रिया विरळ असतात. तांबडा स्नायू कडेच्या रेषेलगत पातळ पट्टीसारखा असतो. एका माशात ती पट्टी जास्त आली आणि दुसऱ्यात कमी, तर फरक तुमच्या ब्लेडचा, वयाचा नाही. यकृतात मेद आणि लिंगाचा गोंधळ. म्हणून श्वसनासाठी मेंदू घ्या, विलगीकरण न करता थेट होमोजिनेट. एक मासा, एक मेंदू, एक वाचन. मेदाम्लांसाठी त्याच माशाचा धडाचा स्नायू, दोन्ही बाजूंनी पृष्ठपराच्या खालचा ठरावीक तुकडा, त्वचा आणि तांबडी पट्टी काढून.

मासा मारताना २ ते ४ अंशांच्या पाण्यात झटपट थंड करण्याची पद्धत वापरा. एमएस-२२२ मेदात विरघळणारं भूलद्रव्य आहे, प्रवाहिता मोजायची असेल तर त्याचा अंश नको. यासह सगळ्यासाठी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आधी हवी, हे वेगळं सांगायला नको.

मेंदू काढून लगेच बर्फावरच्या माध्यमात. माध्यम म्हणून मिर०५ (मायटोकॉन्ड्रियाचं श्वसन मोजायचं प्रचलित द्रावण): ईजीटीए ०.५, मॅग्नेशियम क्लोराइड ३, लॅक्टोबायोनेट ६०, टॉरिन २०, पोटॅशियम फॉस्फेट १०, हेपीस २०, सुक्रोज ११० मिलिमोलर, मेदाम्लमुक्त बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) १ ग्रॅम प्रति लिटर, सामू ७.१. बीएसए ‘मेदाम्लमुक्त’च हवं. मोकळी मेदाम्लं आतल्या पटलातून प्रोटॉन गळवतात, आणि माशाच्या ऊतकातून ती सुटतातच. साधं बीएसए घेतलं तर गळती जास्त दिसते आणि विद्यार्थी खूश होऊन ‘वयामुळे विलगता’ (श्वसन आणि एटीपीनिर्मिती यांची फारकत) लिहितो.

मेंदू ५ ते १० मिलिग्रॅम भरतो. वजन करून २०० मायक्रोलिटर माध्यमात टेफ्लॉन मुसळीने हलक्या हाताने ६ ते ८ वेळा. जास्त घासलं की बाहेरचं पटल फाटतं. कक्षात ४ ते ५ मिलिग्रॅम ऊतक जाईल इतकं होमोजिनेट घाला.

१ मिली कक्षासाठी क्रम असा. पायरुव्हेट ५ मिलिमोलर (द्रावण रोज ताजं), मॅलेट २, ग्लुटामेट १०. एडीपी नसताना जी गती येते ती गळती. मग एडीपी २.५ मिलिमोलर, म्हणजे ०.५ मोलर द्रावणाचे ५ मायक्रोलिटर, सामू आधी ७ वर आणलेला. त्यानंतर सायटोक्रोम सी १० मायक्रोमोलर. इथे थांबून बघा: गती १० ते १५ टक्क्यांहून जास्त वाढली तर बाहेरचं पटल फाटलंय, ते वाचन बाद. पुढे सक्सिनेट १० मिलिमोलर. मग एफसीसीपी (आतल्या पटलातून प्रोटॉन गळवणारं द्रव्य) ०.५ मायक्रोमोलरच्या पायऱ्यांनी, गती वाढायची थांबेपर्यंत. एक पायरी जास्त झाली की गती खाली येते, म्हणून घाई नको. शेवटी रोटेनोन (पहिलं संकुल रोखणारं) ०.५ आणि अँटिमायसिन ए (तिसरं रोखणारं) २.५ मायक्रोमोलर. अँटिमायसिननंतर उरलेली गती मायटोकॉन्ड्रियाबाहेरची, ती सगळ्यांतून वजा करायची. ऑलिगोमायसिन (एटीपी बनवणारं विकर रोखणारं) मी मुद्दाम वगळलंय. प्रमाण थोडं चढलं की नंतरची एफसीसीपीची कमाल गती दबते.

चौथ्या संकुलासाठी यानंतर अ‍ॅस्कॉर्बेट २ आणि टीएमपीडी ०.५ मिलिमोलर (संकुलाला इलेक्ट्रॉन पुरवणारी जोडी). टीएमपीडी स्वतःहूनही ऑक्सिजन खातं, म्हणून शेवटी अझाइडने संकुल बंद करून उरलेली गती वजा करा.

तापमान २८ अंश. सस्तन प्राण्यांचा प्रोटोकॉल उचलून ३७ वर मोजलं तर माशाच्या पटलातून प्रोटॉन जास्त गळतात आणि म्हातारे-तरुण दोन्ही आजारी दिसतात.

अंशांकनात पुण्याची उंची धरा. २८ अंशांना समुद्रसपाटीवर हवेने संपृक्त शुद्ध पाण्यात ऑक्सिजन साधारण २४५ मायक्रोमोलर असतो. पुणे सुमारे ५६० मीटरवर, तिथे तो २२८ च्या आसपास. मिर०५ मध्ये विद्राव्यता आणखी कमी, गुणक ०.९२ धरला तर सुमारे २१०. पुस्तकातला आकडा टाकला तर सगळ्या गती एकाच प्रमाणात फुगतात. गटांतलं गुणोत्तर बदलत नाही, पण दुसऱ्या प्रयोगशाळेशी तुलना करता येत नाही.

आणि सगळ्यात छुपी चूक: रोटेनोन, अँटिमायसिन आणि एफसीसीपी कक्षाच्या प्लास्टिकला आणि रबरी कड्यांना चिकटून राहतात. दोन वाचनांमध्ये पाण्याने, मग ७० टक्के अल्कोहोलने, मग कक्षाला चालत असेल तर शुद्ध अल्कोहोल १०-१५ मिनिटं भरून ठेवून पुन्हा पाण्याने धुवा. रोज सकाळी तरुण आणि दुपारी म्हातारे असा क्रम ठेवला तर म्हाताऱ्यांचं पहिलं संकुल दर वेळी मंद निघेल. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा.

खवले

आहाराचा लॉट आणि क्रमाची चिठ्ठी, दोन्ही लगेच बदलतो. दोन उपप्रश्न. गती कशाच्या प्रमाणात मांडायची: मिलिग्रॅम ऊतकाच्या, प्रथिनाच्या, सायट्रेट सिंथेजच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या प्रमाणाचा अंदाज देणारं विकर) की मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या? आणि कार्डिओलिपिन (मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलातलं खास फॉस्फोलिपिड) मास स्पेकशिवाय मोजणं कितपत शक्य आहे?

गाळणी

दोन्ही मांडा, ऊतकाच्या प्रमाणातही आणि सायट्रेट सिंथेजच्या प्रमाणातही. ऊतकाच्या प्रमाणात गती घटली पण सायट्रेट सिंथेजच्या प्रमाणात सारखी राहिली, तर मायटोकॉन्ड्रिया संख्येने कमी झालेत. दोन्हींत घटली तर प्रत्येक मायटोकॉन्ड्रियाची क्षमता कमी झालीय. हे दोन वेगळे निष्कर्ष आहेत. फक्त एक मांडला तर परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारेल. सायट्रेट सिंथेज डीटीएनबीने ४१२ नॅनोमीटरवर, विलोपन गुणांक १३.६ प्रति मिलिमोलर प्रति सेमी. उरलेलं होमोजिनेट उणे ८० वर ठेवून नंतर करता येतं, फक्त ट्रायटन घालून पटलं पूर्ण उघडा.

प्रथिनाच्या प्रमाणात मांडणार असाल तर होमोजिनेटमधलं बीएसए आधी वजा करावं लागतं. एवढ्याशा मेंदूत बीएसएच जड पडतं. टाळाच.

डीएनएच्या प्रतींसाठी एक मायटोकॉन्ड्रियल आणि एक केंद्रकी लक्ष्य घ्या. प्रती = २ × २^(केंद्रकी सीटी − मायटो सीटी), सीटी म्हणजे संकेत उमटायला लागलेली पीसीआरची आवर्तनं. झेब्राफिशचा मायटोकॉन्ड्रियल जीनोम १६,५९६ बेस जोड्यांचा आहे. केंद्रकी जनुक एकल प्रतीचाच निवडा. टेलिओस्ट (झेब्राफिशसारख्या आधुनिक अस्थिमत्स्यांच्या) गटाच्या पूर्वजात संपूर्ण जीनोम दुणावला होता, त्यामुळे बऱ्याच जनुकांच्या दोन प्रती सापडतात. मायटो प्राइमर केंद्रकातल्या मायटोसदृश तुकड्यांनाही चिकटत नाहीत ना, हे जीनोमवर तपासा. आणि सगळे नमुने एकाच किटने एकाच दिवशी काढा, स्तंभाचा प्रकार बदलला की लहान वर्तुळाकार डीएनए आणि केंद्रकी डीएनए यांचं गुणोत्तर सरकतं.

दुहेरीबंध

कार्डिओलिपिन शक्य आहे, मेहनतीचं आहे.

आधी सामान्य निष्कर्षण. फोल्श: ऊतकाच्या २० पट क्लोरोफॉर्म-मिथेनॉल २:१, त्यात बीएचटी ०.०१ टक्का. ५० मिलिग्रॅम स्नायूला १ मिली द्रावक आणि ०.९ टक्के मिठाचं पाणी २०० मायक्रोलिटर. खालचा थर नायट्रोजनखाली सुकवा. रोटरीत हवा आत गेली की डीएचए पहिला जातो. यानंतर सिलिका स्तंभावर उदासीन मेद आणि फॉस्फोलिपिड वेगळे करायलाच हवेत. म्हातारा मासा स्नायूत ट्रायग्लिसराइड साठवतो. एकूण मेदाम्लं मोजली तर साठ्याचा आलेख मिळतो, पटलाचा नाही. हे बऱ्याच जुन्या लेखांत गाळलेलं आहे.

मिथाइल एस्टरसाठी मिथेनॉलमधलं १ टक्का सल्फ्युरिक आम्ल, ५० अंश, रात्रभर. आंतरिक मानक १९:० किंवा २३:० घ्या, १७:० माशात थोडं असतंच. मेंदूच्या नमुन्यात १६:० आणि १८:० च्या आगेमागे छोटी अनोळखी शिखरं दिसतील. ती प्लास्मॅलोजेनपासून (फॉस्फोलिपिडचा एक प्रकार) झालेली डायमिथाइल अ‍ॅसिटल्स आहेत, अशुद्धी नव्हे. वगळू नका, वेगळी मोजा. क्षारीय पद्धत वापरली तर ती दिसणार नाहीत, पण मोकळी मेदाम्लं आणि स्फिंगोमायलिनची मेदाम्लंही मोजणीतून निसटतील. बीएचटीचंही स्वतःचं शिखर येतं, म्हणून कोरा नमुना चालवून त्याची जागा ओळखून ठेवा.

आता कार्डिओलिपिन. ते जवळजवळ सगळं आतल्या पटलात असतं, चार मेदाम्लं एका रेणूत, आणि पहिल्या व तिसऱ्या संकुलांतून इलेक्ट्रॉन निसटतात तिथे लागूनच. श्वसनसंकुलांना एकत्र बांधून ठेवणं आणि सायटोक्रोम सीला पटलाशी धरून ठेवणं त्याचं काम. ते ऑक्सिडाइझ झालं की सायटोक्रोम सी सुटतो आणि चौथं संकुल मंदावतं. म्हणूनच वर चौथ्या संकुलावर जोर दिला.

टीएलसीसाठी (पातळ थरावर मेद वेगळे करण्याची पद्धत) सिलिका प्लेट अल्कोहोलमधल्या १.८ टक्के बोरिक आम्लात भिजवून सुकवा, १०० अंशांवर १५ मिनिटं तापवा. द्रावक क्लोरोफॉर्म, इथेनॉल, पाणी, ट्रायइथाइलअमीन ३०:३५:७:३५. शुद्ध कार्डिओलिपिनचा मानक शेजारी चालवा. ठिपका खरवडून एका भागाचा फॉस्फरस, दुसऱ्याचे मिथाइल एस्टर. कार्डिओलिपिनच्या एका रेणूत फॉस्फरसचे दोन अणू असतात. मोलमध्ये मांडताना २ ने भागायचं विसरलं की कार्डिओलिपिन दुप्पट दिसतं. सगळ्यांत एकसारखंच चुकलं असेल तर टक्केवारीतही लपून राहतं.

एका माशाच्या स्नायूतून पुरेसं मिळणार नाही. इथे ५-६ माशांचा स्नायू एकत्र करा आणि आधी मायटोकॉन्ड्रिया वेगळे करा: सुक्रोज २५०, ट्रिस १०, ईजीटीए १ मिलिमोलर, सामू ७.४, बीएसए अर्धा टक्का. ७०० जी १० मिनिटं, वरचं द्रव ९,००० जी १० मिनिटं, शेवटची धुलाई बीएसएशिवाय. कार्डिओलिपिन एकूण फॉस्फोलिपिडच्या टक्केवारीत घटलं तर लगेच वयावर ढकलू नका. म्हाताऱ्या स्नायूत संयोजी ऊतक जास्त असतं, नीट घासला जात नाही, आणि गोळ्यात (सेंट्रिफ्यूजनंतर तळाशी बसलेल्या साक्यात) इतर पटलं जास्त येतात. कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिडचं गुणोत्तर तपासा. मायटोकॉन्ड्रियात कोलेस्टेरॉल फार थोडं असतं, ते चढलं असेल तर तुमचा गोळा मळका आहे. मेंदूत हीच अडचण मायलिनची.

नोनिल अ‍ॅक्रिडीन ऑरेंजने कार्डिओलिपिन ‘मोजणारे’ लेख दिसतील. ते रंगद्रव्य पटलाच्या विभवावरही अवलंबून असतं, आणि वयाबरोबर विभवच बदलत असेल तर तुम्ही काय मोजलंत? मी तरी त्यावर निष्कर्ष टाकणार नाही.

किलीवाला

झेब्राफिशसाठी ३० महिने वाट पाहिलीच आहे तर वापरा, पण वाचनात नोथोब्रँकिअस फुर्झेरी (एक किलीफिश) जरूर घ्या. झिंबाब्वे-मोझांबिकच्या पावसाळी डबक्यांतला मासा. गोनारेझू राष्ट्रीय उद्यानातून आलेला जीआरझेड वंश प्रयोगशाळेत काही महिन्यांतच म्हातारा होतो, तर मोझांबिकमधून २००४ च्या सुमारास आणलेले वंश त्याहून बरेच जास्त जगतात. एकाच जातीत अल्पायुषी आणि दीर्घायुषी, त्यामुळे ‘वय’ आणि ‘आयुर्मान’ हे दोन प्रश्न वेगळे करता येतात. झेब्राफिशमध्ये ही सोय नाही.

२०११ मध्ये हार्टमान आणि सहकाऱ्यांनी या माशात दाखवलं की वयाबरोबर मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या प्रती आणि मायटोकॉन्ड्रियाचं कार्य दोन्ही घटतात, पण डीएनएतले मोठे तुकडे गळण्याचं प्रमाण वाढत नाही. म्हणजे तुमच्या क्यूपीसीआरमध्ये फक्त प्रती मोजल्या तरी अर्थ लागतो.

दुसरा निकाल दुहेरीबंध यांच्या ‘नुकसान’ या मांडणीला थोडा छेद देतो. २०१६ मध्ये बाउमगार्ट आणि सहकाऱ्यांनी एकेका माशाच्या परातून वेळोवेळी नमुने घेऊन पाहिलं: जे पुढे जास्त जगले त्यांच्यात तरुणपणीच पहिल्या संकुलाच्या जनुकांची अभिव्यक्ती कमी होती. रोटेनोनची अत्यल्प, पिकोमोलर पातळीवरची मात्रा दिल्यावर आयुष्य वाढलं. तेव्हा म्हाताऱ्या गटात पहिल्या संकुलाची गती कमी आली तर ‘बिघाड’ असं लिहिण्याआधी थांबा.

दुहेरीबंध

मान्य. म्हणूनच पहिल्यापेक्षा चौथ्या संकुलावर निष्कर्ष टाका असं म्हटलं. रोटेनोनचा निकाल मात्र तरुणपणच्या पातळीबद्दल आहे. ३० महिन्यांच्या माशात दिसणारी घट तीच गोष्ट आहे असं त्यावरून ठरत नाही. फक्त दोन वयोगट घेतले तर हा वाद सुटणारच नाही. १८ महिन्यांचा मधला गट घालता आला तर घाला. घट सरळ रेषेत आहे की १८ महिन्यांनंतर अचानक, हे तरी कळेल.

प्रवाहितेचं राहिलं. डीपीएच (पटलात शिरणारं चकाकतं रंगद्रव्य), उद्दीपन ३६०, उत्सर्जन ४३० नॅनोमीटर, रंगद्रव्य आणि मेद यांचं प्रमाण १:३०० च्या आसपास, अंधारात ३० मिनिटं. ध्रुवकाच्या दोन्ही दिशा (समांतर आणि लंब) आणि जी गुणक (उपकरणाच्या पक्षपाताची दुरुस्ती) दर सत्रात मोजा. वाचन २८ अंशांवर आणि त्याशिवाय १८ ते ३८ पर्यंत ५ अंशांच्या टप्प्यांनी घ्या, एका बिंदूवरच्या फरकापेक्षा रेषेचा उतार जास्त सांगतो. डीएचए घटूनही प्रवाहिता सारखीच आली तर दचकू नका. एकबंधी मेदाम्लं आणि कोलेस्टेरॉल हलवून पेशी ती राखू शकते. संपृक्तातून पहिला दुहेरी बंध आला की प्रवाहिता सगळ्यात जास्त बदलते, पाचव्या-सहाव्या बंधाने फार थोडी.

काचपेटी

नमुना संख्येबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. एकाच माशाची तीन वाचनं म्हणजे तीन मासे नव्हेत. एकत्र केलेले ६ मासे म्हणजे एक नमुना. आणि सगळे म्हातारे एका टाकीत, सगळे तरुण दुसरीत, असं असेल तर सांख्यिकीच्या दृष्टीने तुमच्याकडे प्रत्येकी एकच टाकी आहे. प्रत्येक वयाच्या किमान ३ टाक्या करा, घनता सारखी ठेवा, टाकी हा यादृच्छिक घटक म्हणून विश्लेषणात घ्या. आत्ताच मासे वाटून टाका, म्हणजे एकाच खाद्याचे १२ आठवडे आणि नव्या टाक्यांत स्थिरावणं दोन्ही एकदमच होईल.